थोडंसं अनकम्फर्टेबल

कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरला आरडाओरड्याची सवय होते. हात मोडलेला माणूस ओरडतो, मूतखड्याचा रुग्ण खाटेवर गडबडा लोळतो, विंचू चावलेलं पोर सगळा वॉर्ड डोक्यावर घेतं. त्यांच्याकडे धावावं लागतंच, पण त्यांच्यापाशी पोचेपर्यंत निम्मं निदान झालेलं असतं. माझी नजर मात्र आधी दाराजवळच्या बाकाकडे जाते. तिथे एखादे गृहस्थ बायकोसोबत किंवा मुलासोबत शांत बसलेले असतात. काय होतंय म्हणून विचारलं तर संकोचून सांगतात, "दुखत वगैरे नाहीये हो डॉक्टर. छातीत थोडंसं अनकम्फर्टेबल वाटतंय, एवढंच."

हे विशेषण कानावर पडलं की मी त्यांना उठवते आणि ईसीजीच्या टेबलावर झोपवते. बाकीचं बोलणं सिस्टर छातीला इलेक्ट्रोड लावत असताना होतं. नाशिकमध्ये फिजिशियन म्हणून इतकी वर्षं काढल्यावर मला या शब्दाइतका धाक दुसऱ्या कुठल्याच तक्रारीचा वाटत नाही.

शब्द तसा रोजच्या वापरातला. मराठी घरांत आता तो सर्रास बोलला जातो. नवे बूट चावतात, लग्नातली शेरवानी काखेत काचते, मुलाखतीत कुणी नको ते विचारतं, बसमध्ये शेजारचा उगाच खेटून बसतो, त्या सगळ्याला आपण 'अनकम्फर्टेबल' म्हणून मोकळे होतो. शब्दात सभ्यपणा आहे. त्यात कुणाविरुद्ध तक्रार नाही, कुणाकडे मागणी नाही. 'दुखतंय' म्हणणारा माणूस समोरच्याला कामाला लावतो, आणि 'अनकम्फर्टेबल वाटतंय' म्हणणारा स्वतःला आणि घरच्यांना थोडी सवड देतो. जेवण जड झालं असेल, झोप नीट झाली नसेल, बघू सकाळी. छातीच्या बाबतीत ही सवडच घातक ठरते.

एक निवृत्त शिक्षक असेच आले होते. स्वतः स्कूटर चालवत आले, स्टँडवर लावली, केसपेपर काढला, रांगेत उभे राहिले. रांगेतच त्यांच्या मानेवरचा घाम आमच्या वॉर्डबॉयमामांना दिसला. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका स्पष्ट होता. पुढे ते बरे झाले. घरी जाताना त्यांनी मला जे सांगितलं ते मी प्रत्येक नव्या इंटर्नला सांगते. ते म्हणाले, "दुखलं असतं तर मी दुपारीच आलो असतो." दुपारी चारपासून त्यांना तसं वाटत होतं. नातवाला क्लासला सोडून आले, चहा घेतला, गच्चीत फेऱ्या मारल्या. छातीत दुखण्याची वाट बघत त्यांनी संध्याकाळ काढली.

ते दुखणं सगळ्यांना येत नाही, यामागे शरीराच्या रचनेतलं कारण आहे. बोटाला सुई टोचली तर ती कुठे टोचली हे मेंदूला तत्काळ आणि नेमकं कळतं, कारण त्वचेच्या मज्जातंतूंचं जाळं दाट असतं आणि मेंदूत त्वचेच्या प्रत्येक भागाला स्वतःची जागा असते. हृदयाकडून येणारे तंतू विरळ असतात आणि त्यांतले बरेचसे संथ गतीचे. ते छातीच्या वरच्या मणक्यांपाशी मज्जारज्जूत शिरतात. दंडाच्या आतल्या बाजूचे आणि छातीच्या कातडीचे तंतूही तिथेच येऊन मिळतात. त्यामुळे कळ कुठून आली हे मेंदूला नीट उलगडत नाही. माणसाला एकच जागा दाखवता येत नाही, तो सगळा पंजा छातीवर फिरवतो. डावा हात जड होतो, जबडा अवघडतो, कुणाला खालचे दात दुखल्यासारखे वाटतात, कुणाला पाठीत खांद्यांच्या मधोमध दाबल्यासारखं होतं. खालच्या भिंतीला इजा झाली की व्हेगस नावाची नस चाळवते, मग मळमळतं, उलटी होते, दरदरून घाम सुटतो, नाडी मंदावते. या सगळ्याला माणूस 'दुखणं' का म्हणेल? 'अनकम्फर्टेबल' हे त्याचं वर्णन प्रामाणिक असतं.

वेदनेच्या शब्दांचा अभ्यास करणारं मोठं नाव म्हणजे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक. रुग्ण वेदना कोणत्या शब्दांत सांगतात ते त्यांनी गोळा केलं, त्यांचे गट पाडले आणि १९७५ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. जगभरच्या वेदना चिकित्सालयांत ती अजून वापरात आहे. ठसठसणारी, भोसकणारी, जाळणारी, कुरतडणारी, अशी इंग्रजी विशेषणं त्यात गटागटानं मांडलेली आहेत. शेवटी आत्ताची वेदना किती हे सांगायला पाच पायऱ्या दिल्या आहेत. पहिली सौम्य, पाचवी असह्य यातनेची. दुसरी पायरी आहे 'डिसकम्फर्टिंग'. अस्वस्थ करणारी, बेचैन करणारी, पाचांतली दुसरी. पाठदुखी, संधिवात, कर्करोगाची वेदना यांसाठी ही उतरंड उपयोगी आहे, मी स्वतः ती वापरते. छातीचा रुग्ण मात्र त्याच उतरंडीवर दुसऱ्या पायरीवर उभा असतो आणि त्याच्या हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. वेदना किती आहे आणि धोका किती आहे, या दोन गोष्टी इथे एकमेकींना धरून चालत नाहीत. महाधमनीचा पदर फाटला तर माणूस कळवळतो, आणि तोही मरणाच्या दारात असतो. बरगडीचा स्नायू आखडला तर तोही कळवळतो, आणि त्याला शेकानं बरं वाटतं. ओरडण्यावरून काही ठरवता येत नाही, आणि गप्प बसण्यावरून तर मुळीच नाही.

२०२१ साली अमेरिकेतल्या हृदयरोग संस्थांनी छातीदुखीसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. 'चेस्ट पेन' हा शब्द वापरताना त्यात दाब, आवळल्यासारखं वाटणं आणि अस्वस्थपणा हेही धरा, आणि ते छातीपुरतं न पाहता खांदा, हात, मान, पाठ, जबडा, पोटाचा वरचा भाग इथेही पाहा, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. 'एटिपिकल' म्हणजे 'ठरीव नमुन्याबाहेरची' छातीदुखी हा शब्द टाळावा असंही म्हटलं. त्या एका शब्दानं किती रुग्ण अँटासिड देऊन घरी पाठवले गेले असतील! रुग्णानं पुस्तकातल्यासारखं दुखवून घ्यावं, ही अपेक्षा चुकीचीच होती.

शिकलेल्या माणसाकडे निदान एक इंग्रजी शब्द असतो. दिंडोरी, सिन्नर, पेठ, इगतपुरीकडून येणाऱ्या माणसांकडे त्याहून कितीतरी जास्त शब्द असतात, आणि ते जास्त नेमके असतात. 'छाती भरून आली.' 'छातीवर धोंडा ठेवल्यागत झालं.' 'आवळून धरलंय कुणीतरी.' 'जीव वरखाली होतोय.' 'कोंडल्यासारखं होतंय, खिडकी उघडा.' 'अंगातलं सगळं त्राण गेलं.' यांतलं शेवटचं ऐकलं की मला 'कम्फर्ट' शब्दाचं मूळ आठवतं. लॅटिनमध्ये 'फोर्टिस' म्हणजे बळकट, आणि कम्फर्ट देणं म्हणजे मुळात बळ देणं. अनकम्फर्टेबल म्हणजे बळ काढून घेतलेला. पेठच्या आजीबाई 'त्राण नाही' म्हणतात तेव्हा त्या शब्दाच्या पोटातलाच अर्थ सांगत असतात.

अडचण येते ती हे सगळं कागदावर उतरताना. केसपेपर इंग्रजीत लिहायची आमची पद्धत. 'छातीवर धोंडा' ऐकणारा इंटर्न लिहितो, 'चेस्ट पेन, माइल्ड'. 'जीव घाबरा होतोय' ऐकून लिहितो, 'अँग्झायटी'. 'घशाशी काहीतरी अडकलंय' याचं होतं 'अ‍ॅसिडिटी'. शिफ्ट बदलली की पुढचा डॉक्टर माणसाकडे बघायच्या आधी हे शब्द वाचतो आणि त्याच्या डोक्यात निदान पक्कं होऊन बसतं. म्हणून माझ्या युनिटमध्ये मी एक नियम केला आहे. पहिली ओळ रुग्णाच्या शब्दांत, मराठीत, अवतरणचिन्हांसह. निदान त्याखाली, हवं त्या भाषेत. सुरुवातीला मुलं कुरकुरली. आता तीच मुलं राउंडच्या वेळी सांगतात, "मॅडम, हे काका 'भरून आलंय' म्हणतात, 'दुखतंय' नाही म्हणत," आणि ईसीजी दुसऱ्यांदा काढलेला असतो. पहिला ईसीजी साधा आला तरी झटका नाही असं होत नाही. त्रास चालू असेल तर पुन्हा काढावा लागतो, ट्रोपोनिनसाठी रक्तही काही तासांनी परत तपासावं लागतं. रुग्णालयात पाऊल टाकल्यापासून दहा मिनिटांच्या आत पहिला ईसीजी निघावा, असा दंडक आहे. रात्री गर्दी असताना ही दहा मिनिटं पाळणं सोपं नाही, पण त्यात सूट घ्यायला माझं मन तयार होत नाही.

बायकांच्या बाबतीत तर आणखी कान द्यावा लागतो. दिंडोरीकडच्या एक मावशी आल्या होत्या. ऑक्टोबरची द्राक्षांची छाटणी चालू होती, घरात मजुरांचा स्वयंपाक. मावशी खुर्चीत अर्ध्या कलून बसलेल्या. "काही नाही मॅडम, पित्त खवळलंय. ह्यांनीच बळंच आणलं." उलटी होऊन गेली होती, जबडा अवघडला होता, दोन दिवस जिना चढताना दम लागत होता. त्यांच्या मुलीनं हळूच सांगितलं, "आई कधी बसत नाही हो. काल दुपारी ओट्याशी उभ्याउभ्या खालीच बसली." माझ्या दृष्टीनं त्या तपासणीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच होतं. छातीत होतच असतं, पण त्याच्या जोडीला मळमळ, दम, विलक्षण थकवा बायकांमध्ये जास्त आढळतो, आणि त्या स्वतःच त्याला पित्त, गॅस, वारा असं काहीतरी नाव देऊन येतात. घरचे आणि कधीकधी डॉक्टरही ते नाव तसंच उचलतात. मधुमेह जुना असेल तर मज्जातंतू बधिरलेले असतात, तिथे एवढीही चाहूल लागत नाही. नुसता घाम, नुसता दम, नुसतं 'कसंतरी'. मधुमेही माणसाचं 'कसंतरी होतंय' मी कधीही हलकं धरत नाही.

विचारायचं काय, याचंही एक तंत्र जमत जातं. 'छातीत दुखतंय का?' हा प्रश्न मी जवळजवळ सोडून दिला आहे, कारण त्याला 'नाही' हे उत्तर फार सहज मिळतं. मी विचारते, "छातीत काही होतंय का? हातानं दाखवा." एका बोटानं नेमका बिंदू दाखवला, दाबल्यावर तिथेच दुखलं, श्वास घेताना कळ आली, तर हृदयाची शंका बरीचशी कमी होते, संपत मात्र नाही. पंजा फिरवला, किंवा मूठ आवळून छातीच्या मधल्या हाडावर ठेवली, तर मी सावध होते. बॉस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ सॅम्युअल लेव्हाइन यांच्या नावानं ती आवळलेली मूठ ओळखली जाते. मग विचारते, चालताना वाढतं का? थांबल्यावर उतरतं का? जेवून लगेच चढण चढलात तर? घाम कधी आला, कपडे भिजले का? हे सगळे प्रश्न साधे आहेत. ते विचारताना घाई दाखवायची नाही आणि रुग्णाच्या तोंडी आपला शब्द घालायचा नाही, एवढं मात्र कटाक्षानं पाळावं लागतं.

यातलं पुष्कळसं लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्ससमोर वाचलेल्या निबंधात आहे, १७७२ मध्ये तो छापून आला. ईसीजी नव्हता, हृदयाच्या रोहिण्यांचा यात काही संबंध आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्यापाशी होती फक्त माणसं आणि त्यांचं बोलणं. चालताना, त्यातही चढावर आणि जेवणानंतर, हा त्रास होतो आणि उभं राहिलं की निघून जातो, हे त्यांनी टिपून ठेवलं. नाव देताना 'अंजायना' हा गळा आवळला जाण्यासाठीचा जुना शब्द निवडला, कारण वेदनेइतकाच आवळल्याचा आणि घाबरं होण्याचा भाव त्यांना महत्त्वाचा वाटला. निबंध वाचून एका अनामिक वाचकानं त्यांना पत्र पाठवलं, स्वतःचा त्रास तपशिलानं लिहिला आणि आपण अचानक गेलो तर शरीर उघडून तपासा अशी इच्छा कळवली. काही आठवड्यांतच तो गेला. जॉन हंटर यांनी शवविच्छेदन केलं, कारण सापडलं नाही, कारण रोहिण्या नीट पाहायचं तेव्हा कुणाला सुचलं नव्हतं. त्या अनामिक माणसाबद्दल मला खोल आदर वाटतो. आपल्या अस्वस्थपणाचं इतकं बारकाईनं वर्णन करणं आणि ते परक्या डॉक्टरच्या हवाली करणं, याला मोठा विश्वास लागतो. आमच्या बाकावर बसलेली माणसं तोच विश्वास घेऊन येतात.

हे विशेषण आम्ही डॉक्टरही वापरतो, आणि उलट्या अंगानं. अस्थिमज्जेची तपासणी करायची असते, फुप्फुसाभोवतालचं पाणी काढायचं असतं, नाकातून नळी घालायची असते. तेव्हा आम्ही म्हणतो, "थोडं अनकम्फर्टेबल वाटेल हं." दुखणार आहे हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं. रुग्ण शब्द मवाळ करतो तो भीतीनं, आम्ही करतो तो सोयीनं. यात एक खरा पेचही आहे. सुई टोचण्याआधी 'आता दुखेल, सोसा' असं बजावलं तर वेदना आणि भीती वाढते, असं अभ्यासांत दिसलेलं आहे, म्हणून उगाच घाबरवणंही बरोबर नाही. मी यातून माझ्यापुरती वाट काढली आहे. काय करणार आहे ते क्रमानं सांगते. "आधी भूल द्यायची सुई, तिची आग होईल, दहापर्यंत मोजा. मग दाब जाणवेल. दुखलं तर हात वर करा, मी थांबेन." आणि हात वर झाला की खरंच थांबते. 'थोडं अनकम्फर्टेबल' म्हणून सांगितलेलं काम कमरेच्या हाडातून कळ काढतं, तेव्हा त्या माणसाचा आपल्या पुढच्या प्रत्येक शब्दावरचा भरवसा जातो. उद्या छातीत काही झालं तर तो आपल्याकडे येताना आणखी विचार करील.

उशीर हा आपल्याकडचा जुना आजार आहे. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये भारतातल्या वीस हजारांहून अधिक हृदयविकाराच्या रुग्णांची 'क्रिएट' नावाची पाहणी छापून आली. लक्षणं सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक वेळ होता ३६० मिनिटं. सहा तास! गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बारा तासांपर्यंत देता येतं खरं, पण त्याचा खरा लाभ पहिल्या दोन-तीन तासांत असतो. सहा तासांत वाहन न मिळणं असतं, पैशांची जुळवाजुळव असते, गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून काढलेला वेळ असतो. आणि त्यात ओवा चावून, सोडा पिऊन, छातीला बाम चोळून 'बघू या जरा' म्हणत घालवलेला वेळही असतो. रस्ते आणि रुग्णवाहिका माझ्या हातात नाहीत. या शेवटच्या भागाबद्दल मात्र मी भेटेल त्याच्याशी बोलते, लग्नात, सोसायटीच्या सभेत, कुठेही. चुकून आलात तर काहीही बिघडत नाही. ईसीजी साधा निघाला, पित्तच निघालं, भीतीमुळे छाती धडधडत होती असं निघालं, तरी कुणी हसणार नाही. भीतीनं आलेल्या माणसाचा त्रासही त्रासच असतो, आणि त्यालाही खुर्ची, पाणी आणि दहा मिनिटं मिळायला हवीत.

आता रात्री-अपरात्री फोन येतात ते परदेशातून. नाशिकमध्ये आई-वडील दोघंच, मुलं न्यू जर्सीत किंवा लंडनला. "डॉक्टर, बाबा म्हणतात थोडं अनकम्फर्टेबल वाटतंय. उद्या सकाळी दाखवलं तर चालेल ना?" फोनवरून 'चालेल' हा शब्द मी उच्चारत नाही. कधीपासून होतंय, घाम आलाय का, दम लागतोय का, बसल्यावर पाच-दहा मिनिटांत उतरलं का, एवढं विचारते. छातीतलं उतरलं नसेल तर सकाळची वाट नको. १०८ ला फोन करा, शेजाऱ्यांना बोलवा, बाबांनी स्वतः गाडी काढायची नाही, जिना चढ-उतर करायची नाही, चालू असलेल्या गोळ्यांची पिशवी सोबत घ्या. आणि सगळ्यांत आधी, बाबांना दाराची कडी काढून मग खुर्चीत बसायला सांगा. एकट्या-दुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी आतून लावलेलं दार उघडण्यातच कितीतरी वेळ जातो, आणि तो वाचवणं सातासमुद्रापलीकडच्या मुलालाही एका फोनवर जमतं.